मुकादमाच्या आधी पैसे पोचले पाहिजेत

पोळा झाला की आमच्या भागात ऊसतोडीला मजूर ठरवणाऱ्या मुकादमांच्या मोटारसायकली गावोगाव फिरू लागतात. बीड जिल्ह्यातला हा बालाघाटाचा पट्टा. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा, आणि एका खरिपावर वर्ष निघत नाही. मग ऊसतोडीला जायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्या कोयत्यावर मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने ठरून गेले. दिवाळी झाली की ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं घालून माणसं कोल्हापूर, सांगली, सोलापूरला नाहीतर थेट कर्नाटकात कारखान्यांवर जातात. शाळेचं दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा वर्ग निम्मा असतो.

माझं माहेर पाटोदा तालुक्यात. लग्नानंतर मी पुण्यात आले, पण गावाकडचं जाणं-येणं कधी तुटलं नाही. तिथल्या एका बचत गटाच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या मी गेली काही वर्षं विकते आहे. त्या पैशांतून लेकरांची शाळा टिकावी, हा सुरुवातीपासूनचा हेतू. या कामात मला जे कळलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण असं काम करू बघणाऱ्या बऱ्याच जणी मला विचारतात आणि त्यांचा पहिला प्रश्न नेहमी ‘किती पैसे मिळतात’ हा असतो. माझ्या मते ‘पैसे कधी मिळतात’ हा प्रश्न त्याहून मोठा आहे. तोच पैसा फाल्गुनात आला तर घरखर्चाला लागतो, आणि तोच श्रावण-भाद्रपदात आला तर एखादी बाई मुकादमाला ‘औंदा नाही’ म्हणू शकते.

गोधडी आम्ही मुद्दाम निवडली असं नाही. ती घरोघरी होतीच. कारखान्यावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, अंथरायला-पांघरायला गोधडीच नेतात. गटातल्या बहुतेक जणींचं भरतकाम किंवा शिलाईचं शिक्षण झालेलं नाही, पण लुगड्याचे चार थर अंगणात पसरून सरळ धावदोरा घालायला कुणालाही शिकवावं लागलं नाही. शिवणयंत्र नको, वीज नको, दुकान नको. पाठीचं दुखणं घेऊन बसलेल्या बायकांनाही तासतासभर बसून ते करता येतं, आणि आमच्याकडे पाठीचं दुखणं नसलेली बाई सापडणं कठीण. वर्षानुवर्षं उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं म्हणजे दुसरं काय होणार?

अडचण कापडाची आली. गोधडीला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड लागतं, आणि आता गावात कुणी सुती नेसत नाही. सगळ्या साड्या सिंथेटिक, कारण त्या स्वस्त, लवकर वाळणाऱ्या, इस्त्री न लागणाऱ्या. अशा साड्यांची गोधडी घसरते, अंगाला चिकटते, उन्हाळ्यात उकडते. म्हणून सुती साड्या शहरातून गोळा करायच्या असं ठरलं. पुण्यात मी ओळखीच्या घरांतून मागायला लागले आणि कापड भरपूर आलं, पण त्यातलं निम्मं कामाचं नव्हतं. लोक मनापासून देतात, पण जुनं म्हणून जे असेल ते देतात. त्यात फॉल लावलेल्या नायलॉनच्या साड्या असतात, परकर असतात, पडदेही असतात. मग गटातल्या एका मावशींनी छाटणी स्वतःकडे घेतली. काठाचा एक दोरा उपसायचा आणि काडीनं पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि चिमटीत राख होते. पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक गोळी होते. मिश्र कापडाचं निदान त्या नुसत्या बोटांनी करतात. त्यांनी बाजूला टाकलेली साडी मी पुन्हा ढिगात ठेवली तर चालत नाही, आणि ते बरोबरच आहे.

त्यानंतर धुणं. गडद लाल, जांभळं, हिरवं कापड रंग सोडतं का हे ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघायचं. सोडत असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवून पुन्हा पुन्हा धुवायचं, तरीही सोडत असेल तर ते लहान बाळाच्या दुपट्यात घालायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये पाणी नसतं म्हणून सगळं धुणं पावसाळ्यात आणि हिवाळ्यात उरकतो. टँकरच्या पाण्यानं साड्या धुणं आम्हा कुणालाच पटत नाही.

गोधडी शिवताना बघितलेली नसेल तर तिच्या किमतीचा अंदाज येत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. अंगण झाडून-सारवून आधी अस्तर पसरतात. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून ते ताणून घेतात. त्यावर आतले थर. फाटकं कापड इथेच खपतं, पण विरलेला भाग एकावर एक येऊ नये असं लावावं लागतं, नाहीतर तिथे खळगा पडतो. सगळ्यांत वर तुकड्यांची मांडणी. ही मांडणी आधी जमिनीवर करून बघतात, उभ्यानं बघतात, दोन तुकडे बदलतात. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरतात. खरं शिवण काठापासून सुरू होतं. चारी बाजूंनी कडेकडेनं जायचं आणि फेरी संपली की बोटभर आत सरकून पुढची फेरी. असं करत शेवटी मध्यात यायचं. बाई गोधडीवरच बसलेली असते आणि शिवत शिवत स्वतः फिरते. मध्यातून बाहेर शिवलं तर काय होतं, असं मी विचारलं तेव्हा एका आक्कांनी हातातली सुई थांबवून सांगितलं, “काठ आधी बांधला तर कापड आत दमानं बसतं. काठ मोकळा ठेवून मधून सुरू केलं तर सगळं बाहेर पळतंय.” टाका तांदळाच्या दाण्याएवढा. त्याहून मोठा झाला तर लेकराच्या पायाच्या बोटात दोरा अडकून तुटतो.

एका माणसाच्या गोधडीला असे 60 ते 70 तास लागतात. स्वयंपाक, पाणी, जनावरं, रानातलं काम सांभाळून दिवसाला तीन तास मिळाले तर तीन आठवडे. हे तास आम्ही मोजले ते किंमत ठरवण्यासाठी, आणि माझ्या अनुभवात या सगळ्या प्रवासातली सगळ्यांत महत्त्वाची बैठक तीच होती.

देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, एका गोधडीचे किती घ्यायचे? पाचशे, असं दोघी-तिघींनी सांगितलं. एकीनं सातशे म्हटल्यावर बाकीच्या हसल्या. त्यांच्या दृष्टीनं कापड फुकटचं, सुई घरची आणि शिवणं म्हणजे रिकामा वेळ. मग आम्ही उलटं मोजलं. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2024-25 साली दिवसाला 297 रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला साधारण 37. खड्डा खणायला सरकार तासाला 37 देतं, तर तांदळाएवढा टाका घालणाऱ्या हाताला त्याहून कमी का? बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी ज्या आक्कांनी काठाचं सांगितलं होतं त्याच म्हणाल्या, “त्याच्यापेक्षा जास्त पायजे. खड्डा कुणीबी खणतंय.” तासाला 45 रुपये ठरले. 65 तासांचे 2925. दोरा, अस्तराचं नवं कापड, सोडा, साड्या गावापर्यंत आणण्याचं भाडं मिळून साधारण 400. विक्रीच्या 10 टक्के लेकरांच्या शिक्षणाच्या डब्यात. उरलेलं बांधणी, पार्सल आणि प्रदर्शनाच्या गाळ्याला. अशी ती गोधडी 4200 रुपयांची झाली. आकडा ऐकून एक वहिनी म्हणाल्या, “ताई, येवढ्यात तर शेळी येती. कोण घेईल?”

घेणारे होते, पण ते शोधायला वेळ गेला. सोसायट्यांच्या दिवाळी प्रदर्शनांत हजार रुपयांना मशीनवर शिवलेली गोधडी शेजारच्या गाळ्यावर असते आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. मग आम्ही गोधडी नेहमी उलटी टाकून ठेवायला लागलो. अस्तराच्या बाजूनं हाताचा टाका स्पष्ट दिसतो, त्याची किंचित वाकडी ओळ दिसते, आणि लोक थांबून हात फिरवतात. हात फिरवला की निम्मं काम होतं. मुंबईत बचत गटांसाठीच्या सरकारी ‘उमेद’ अभियानाचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं किंवा पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथे येणारा ग्राहक हातचं काम बघायला आलेला असतो, त्याला कमी समजावावं लागतं. गटातल्या दोघी-तिघी स्वतः गाळ्यावर बसल्या तर विक्री वाढते आणि त्यांना स्वतःच्या कामाची किंमत समोर दिसते. माझ्या शंभर वेळा सांगण्यानं जे झालं नव्हतं ते एका अनोळखी आजींनी घासाघीस न करता पैसे मोजून दिल्यावर झालं.

कारागिरांसाठी केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र मिळतं. ते काढून घ्यावं, सरकारी हस्तकला बाजारात गाळा मिळवायला उपयोगी पडतं. जीएसटीची भीती अनेक जणी घालतात, पण महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून अशा नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरतं ऑनलाइन बाजारात विकता येतं. आम्ही तरीही त्या वाटेनं गेलो नाही. तिथलं कमिशन आणि परत येणारा माल आमच्यासारख्यांना झेपत नाही. तीन आठवडे खपून केलेली गोधडी ‘रंग फोटोसारखा नाही’ म्हणून परत आली तर ती बाई पैशांसाठी थांबते, आणि तेच तर टाळायचं आहे.

थांबण्याचा अनुभव आम्हाला एका दुकानानं दिला. शहरातल्या चांगल्या भागातलं, हातमागाचं नाव सांगणारं दुकान. ‘माल ठेवा, विकला की पैसे’ असा व्यवहार. माल विकला गेला, पैसे मात्र कितीतरी महिने आले नाहीत. दर वेळी हिशेब करणारा माणूस रजेवर. तोवर दसरा येऊन गेला आणि गटातल्या दोन घरांनी उचल घेतली. त्यांतल्या एका घरातली मुलगी सातवीत होती. लहान भावंडाला सांभाळायला तिला सोबत नेलं. पुढे पैसे आले, पण ती मुलगी तोवर कारखान्याच्या फडावर होती. पैशाचा दिवस चुकला म्हणजे काय होतं हे मला त्या वर्षी कळलं. त्यानंतर विक्रीवर माल ठेवणं आम्ही पूर्ण बंद केलं.

मोठ्या कंपन्यांकडूनही विचारणा होते. दिवाळीच्या भेटी म्हणून दीडशे गोधड्या, सगळ्या एकाच रंगाच्या, सव्वा महिन्यात आणि दर निम्मा. वर प्रत्येक गोधडीला बाईचा आणि तिच्या लेकराचा फोटो असलेलं कार्ड लावायचं. दराचं बोलता आलं असतं. फोटोला मात्र आम्ही स्वच्छ नकार दिला. लेकरांचे फोटो लावून गोधडी विकायची नाही, हे गटात ठरलेलं आहे आणि त्यावर माझं मत फार ठाम आहे. गोधडी ऊबदार आहे, चांगली शिवली आहे, वर्षानुवर्षं टिकेल, म्हणून घ्यावी. दया म्हणून घेतलेली वस्तू लोक एकदा घेतात. शिवाय उद्या तोच मुलगा तालुक्याच्या कॉलेजात जाणार, त्याच्या वर्गातल्या कुणी ते कार्ड बघितलं तर त्याला काय वाटेल?

आमचा प्रश्न सोडवला तो आठवणींच्या गोधड्यांनी. मुंबईतल्या एका बाईंनी त्यांच्या वारलेल्या आईच्या साड्या पाठवल्या आणि विचारलं, याची गोधडी करून द्याल का? इरकली, नारायणपेठी, घरात नेसायच्या साध्या सुती. सगळ्या वापरून विटलेल्या, पण जपून घडी घातलेल्या. त्यांतल्या एका लुगड्याला मध्ये दंड घातलेला होता. विरलेला मधला भाग कापून टाकून दोन चांगली टोकं जोडायची, ती शिवण. आमच्याकडच्या मावशींनी त्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ह्या बाईनं घर चालवलंय.” तो तुकडा आत घालायचा सोडून त्यांनी वरच्या थरात, बरोबर मध्ये लावला. गोधडी पोचल्यावर मुंबईच्या त्या लेकीचा फोन आला आणि तिनं पहिल्यांदा त्या दंडाबद्दलच विचारलं. तिच्या आईनं तो शिवला तेव्हा ती शेजारी अभ्यास करत बसली होती.

त्या एका गोधडीमागून ओळखीओळखीनं कामं येत गेली. या कामात कापड ग्राहकाचंच असतं, सुतीच असतं, आणि निम्मे पैसे आगाऊ घेतले तर कुणाला वाईट वाटत नाही. घाई तर कुणालाच नसते. आईच्या साड्या कपाटात पाच वर्षं ठेवलेल्या माणसाला आणखी चार महिने थांबायला हरकत नसते. म्हणून आता आम्ही ज्येष्ठ-आषाढात कामं नोंदवून घेतो, आगाऊ रक्कम पोळ्याच्या आत बायकांच्या खात्यावर जाते आणि गोधड्या थंडीत पोचतात. मुकादम गावात येतो तेव्हा घरात पैसे असतात आणि पुढच्या चार महिन्यांचं कामही ठरलेलं असतं. वर्षाला 20-25 गोधड्या विकत असतानाही हे वेळापत्रक नव्हतं तोवर फारसं काही बदललं नव्हतं. वेळापत्रक बसल्यावर घरं थांबायला लागली.

परदेशातल्या मराठी घरांकडूनही काम येतं, बहुतेक बाळंतविड्याचं. नातवंडासाठी आजी दुपटं मागवते आणि कुणाच्या तरी सामानातून ते दुबईला नाहीतर न्यू जर्सीला जातं. दुपटं 12 ते 15 तासांत होतं आणि नवीन शिकणाऱ्या मुलींचा हात त्यावर बसतो.

आता यातून शिक्षणाचं नेमकं काय झालं ते सांगते, कारण यात फुगवून सांगण्याचा मोह फार होतो. सहा महिन्यांत एक बाई सहा-सात मोठ्या गोधड्या शिवते, म्हणजे तिच्या हातात 18 ते 20 हजार येतात. कोयत्यावर जोडप्याला मिळणारी उचल याच्या कितीतरी पट असते. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, त्यानंतर तर अंतर आणखी वाढलं. गोधडी ऊसतोडीची जागा घेत नाही. पण पूर्ण कोयत्याऐवजी नवरा एकटा अर्धा कोयता धरून जातो आणि बाई लेकरांपाशी घरी राहते, एवढं या पैशांनी शक्य होतं. दोन शेळ्या, थोडं रानातलं काम आणि गोधडी मिळून सहा महिने निघतात. आई घरी राहिली की शाळा आपोआप सुरू राहते. त्यासाठी वेगळी शिष्यवृत्ती लागत नाही.

ज्या घरांना दोघांनाही जावंच लागतं, त्यांच्या लेकरांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत. शाळेतच दोन वेळचं जेवण आणि रात्री आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपायचं. जिथे शाळा व्यवस्थापन समिती आणि गुरुजी मनावर घेतात तिथे ती उत्तम चालतात. पण पैसे कधी उशिरा येतात आणि सुरुवातीचे आठवडे तसेच जातात. आमच्या डब्यातला पैसा आधी तिथे लागला. किराणा भरून दिला, कारण आई-बाप ट्रकमध्ये चढण्याच्या दिवशी जेवणाची सोय दिसली नाही तर लेकरूही ट्रकमध्ये चढतं. घरात आजी असेल आणि तिला दिसत असेल, चालता येत असेल, तर लेकरू मागे राहण्याची शक्यता वाढते. म्हणून एका वर्षी आम्ही दोन आज्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जायचा-यायचा खर्च केला. शिक्षणाच्या डब्यातून हे का, असं एकीनं विचारलं. बाकीच्यांनीच तिला समजावलं.

‘शिक्षण तर फुकट आहे, मग पैसे कशाला?’ असं शहरात पुष्कळ जण विचारतात. आठवीपर्यंत कायद्यानं मोफत आहे, मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि जुलै 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या दुर्बल व मागास घटकांतल्या मुलींचं अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही शासन भरतं. हे सगळं खरं आहे आणि त्यानं फार फरक पडला आहे. पण पास असून एसटी वाडीपर्यंत येत नाही. अकरावीला तालुक्याला खोली घ्यावी लागते, मेस लावावी लागते. जातीच्या दाखल्यासाठी, नॉन-क्रीमी लेयरसाठी, पडताळणीसाठी बीडच्या खेपा होतात आणि प्रत्येक खेपेला आईचा नाहीतर बापाचा रोज बुडतो. सीईटीचा अर्ज भरायला, रिचार्जला, झेरॉक्सला पैसे लागतात. या प्रत्येक ठिकाणी रक्कम लहान असते, पाचशे, आठशे, दोन हजार. त्या दिवशी ती हातात नसेल तर मुलगी परत येते आणि परत आलेल्या मुलीचं लग्न ठरतं. डब्यातला पैसा मुख्यतः याच लहान रकमांना जातो. अर्ज नाही, मुलाखत नाही. गटातल्या तीन बायका बसून त्याच दिवशी देतात आणि वहीत लिहितात. वही कुणीही बघू शकतं.

मजुरीचे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यावर जातात, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. सुरुवातीला यावरून घराघरांत कुरबुर झाली. एका बाईंचं खातं केवायसी नसल्यामुळे बंद पडलेलं निघालं, एकीच्या खात्याला नवऱ्याचा मोबाइल जोडलेला होता. ते सगळं नीट करायला मी त्यांच्याबरोबर बँकेत बसले. दहा टक्क्यांचं मात्र त्यांनीच ठरवलं. मी पाच सुचवले होते. “आपल्याच लेकरांचं हाये, जास्त ठिवा,” असं म्हणून त्यांनी दुप्पट केले.

आज गटातली बरीच घरं निम्मी थांबलेली आहेत, म्हणजे बाई आणि लेकरं गावात. पहिल्या वर्षी आईसोबत कच्चे टाके घालणारी एक मुलगी आता बीडला बारावी सायन्सला आहे आणि सुट्टीत येऊन आमचा हिशेब मोबाइलवर उतरवते. फडावर गेलेली ती सातवीतली मुलगी पुढच्या वर्षी परत शाळेत आली, पण एक इयत्ता मागे. मुलांचं काम अजून जमलेलं नाही. मुलगा पंधरा-सोळाचा झाला, अंगानं भरला की तो स्वतः अर्धा कोयता होतो. त्याच्या नावावर उचल मिळते आणि गोधडीचे पैसे त्यापुढे फार थोडे पडतात. गेल्या हंगामात दहावीतले दोघे असेच गेले. त्यांतला एक परीक्षेपुरता परत आला, दुसरा आला नाही. त्यांच्यासाठी आयटीआयच्या प्रवेशाआधीचा मधला काळ कसा भरून काढायचा यावर आम्ही विचार करतो आहोत. तालुक्याला राहण्याची सोय झाली तर काही मुलं थांबतील असं त्यांच्या आयांचं म्हणणं आहे.

कुणाला असं काम आपल्या भागात सुरू करायचं असेल तर गोधडीच पाहिजे असं काही नाही. बांबू असेल, भरतकाम असेल, घोंगडी असेल. आधी आपल्या गावात घरात पैसा कधी संपतो आणि लेकरू शाळेतून कधी उठतं हे विचारावं, आणि विक्रीचं कॅलेंडर त्या तारखेपासून उलटं मांडावं. दिवाळीत खप जास्त म्हणून दिवाळीवर सगळं बांधलं तर आमच्याकडे तरी पैसा यायच्या आत ट्रक निघून गेलेला असतो.

रोजगार हमीचा दर 2025-26 ला 312 झाला. आमचा तासाचा दर 45 वरच आहे. तो 50 करायचा का, हे पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे. म्हणजे एक गोधडी साडेचार हजारांच्या वर जाईल. बायकांचं म्हणणं करावा असं आहे, आणि माझंही.